पारोळ्याच्या अलीकडे

परवा कपाट आवरताना ती शाल पुन्हा हाताला लागली. मोरपंखी रंग, काठाला जर, घडीसुद्धा न मोडलेली. बायकोने विचारलं, "हिचं काय करायचं?" मी म्हटलं, "राहू दे." दर हिवाळ्यात स्वेटर काढताना आमच्यात एवढाच संवाद होतो आणि शाल परत वरच्या कप्प्यात जाते.

ही शाल मला फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात एका चुलतभावाच्या लग्नात मिळाली. दीडशे-दोनशे लोकांसमोर, माइकवरून नाव पुकारून, नारळासकट. मुंबई मॅरेथॉन पूर्ण केल्याबद्दल. अडचण फक्त एकच होती, मी ती पूर्ण केली नव्हती.

हे आजवर फार थोड्यांना माहीत आहे. त्या लग्नात टाळ्या वाजवणारे बरेच जण इथलं लिखाण वाचतात, म्हणून तर इतकी वर्षं लिहायचं टाळत होतो. पण आता लिहूनच टाकतो. तर मंडळी, पहिल्यापासून सांगतो.

मी काही खेळाडू वगैरे नाही. शाळेत खो-खोच्या संघात राखीव होतो, तेवढाच. २०१७ च्या पावसाळ्यात रक्त तपासलं तर साखर काठावर आलेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नंतर बघू, आधी चालायला लागा. म्हणून मेहरूण तलावावर चालायला लागलो. तलावावर चालणाऱ्यांचे गट असतात, हसणाऱ्यांचे असतात, शेअर बाजारवाल्यांचा असतो. तसाच एक धावणाऱ्यांचा. त्यांच्यापैकी एकाने "दोन मिनिटं पळून बघा, दोन मिनिटं चाला" असं सुचवलं आणि मी त्यात अडकलो. सहा महिन्यांत पाच किलोमीटर न थांबता जमायला लागलं. जळगावात हिवाळ्यात 'खान्देश रन' होते, तिथे पहिल्यांदा छातीवर नंबर लावून दहा किलोमीटर पळालो. घरी आल्यावर मोठ्या बहिणीचा फोन, "कितवा आला?" मी म्हटलं, "ताई, त्यात नंबर नसतो गं, आपला आपण पळायचं." ती म्हणाली, "मग कशाला गेला?"

बाहेरच्या लोकांना खान्देशातलं धावणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पहाटे पाचलासुद्धा रस्त्यातून वाफा आल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की प्रत्येक पाय किलोभर जड. मग ऑक्टोबरचा उकाडा. धावायला खरा मिळतो तो नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. पण तो मात्र असा मिळतो की काय सांगू! पहाटे आठ-नऊ अंश, हवा कोरडी, आकाश स्वच्छ. धुळ्यात तर थंडीची लाट आली की कृषी महाविद्यालयातलं तापमान पाच-सहावर येतं, कधी त्याच्याही खाली. कानटोपी घालून निघायचं आणि तिसऱ्या किलोमीटरला ती खिशात घालायची.

याच काळात आमच्याकडे भरीत पार्ट्याही असतात हा मोठाच अन्याय आहे. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, काड्यांच्या जाळावर भाजलेली, कळण्याची भाकरी, मळ्यात बैठक... आणि रविवारी पहाटे चारला उठायचं म्हणून शनिवारी रात्री नऊलाच "मी निघतो" म्हणणारा मी. पहिल्या वर्षी मित्रांनी चिडवलं. दुसऱ्या वर्षी बोलवायचं बंद केलं.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची असं २०१८ च्या गणपतीत ठरवलं. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. हातात सोळा-सतरा आठवडे. मंगळवार आणि गुरुवार थोडं, शनिवारी आराम आणि रविवारी लांब पल्ला. तो पल्ला दर आठवड्याला दोन-अडीच किलोमीटरने वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला थोडा कमी करायचा. चौदा, सोळा, अठरा... डिसेंबरअखेर तीसवर पोचायचं.

माझा रविवारचा रस्ता ठरलेला. तलावावरून निघून शिरसोली रोडला लागायचं, जैन हिल्सचा चढ घ्यायचा, शिरसोली ओलांडून पुढे जायचं आणि वळायचं. अंधारात निघालं की पहिला तासभर डोक्यावरच्या बॅटरीचा गोल आणि आपल्याच बुटांचा आवाज, एवढंच. एकदा एक म्हातारे शेतकरी सायकल थांबवून म्हणाले, "कथा पयी राह्यना भाऊ? मांगे कुत्रं लागनं का?" मी म्हटलं, "नही आबा, असंच." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न बोलता पॅडल मारलं.

त्याच रस्त्यावर एक गोष्ट शिकलो. थंडी वाढली की पहाटे केळीच्या बागांच्या कडेने धूर दिसायचा. आधी वाटलं शेकोट्या असतील. मग कळलं, पारा दहाच्या खाली जायला लागला की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घडातली केळी भरत नाहीत. म्हणून शेतकरी रात्रभर बांधावर ओला-सुका कचरा पेटवून धूर करतात, रात्री पाणी देतात. म्हणजे ज्या सकाळी मी "वा, काय मस्त थंडी!" म्हणत पळत होतो, त्या सकाळी बाजूच्या बांधावर कुणीतरी रात्रभर जागून त्याच थंडीशी झगडत होतं. तेव्हापासून ग्रुपवर "आज सात अंश, मजा आली" असं लिहिणं मी सोडून दिलं.

असो. सांगायचा मुद्दा असा, की मी चार महिने अशा कोरड्या, गार हवेत तयारी केली आणि मुंबईला गेलो.

२० जानेवारी २०१९. सीएसएमटीसमोर पहाटे हजारो माणसं. थंडी नावालाही नाही. उभ्या उभ्याच बनियन ओलं झालेलं. पण अंगात वारं शिरलं होतं. मरीन ड्राइव्हचे दिवे, पेडर रोडवर घराघरांतून टाळ्या, सी लिंकवर उजाडलेलं आकाश. मी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंद जोरात चाललो होतो आणि मला वाटत होतं, बघा, किती सोपं आहे!

अर्धं अंतर झालं तेव्हा मनातल्या मनात मी साडेचार तासांची वेळ लावून टाकली होती. माहीमला ऊन लागलं. शिवाजी पार्कला लोक मीठ लावलेली संत्री, बिस्किटं, चिक्की हातात देत होते. मुंबईच्या लोकांना याबाबतीत तोड नाही. सिद्धिविनायकापाशी मी नमस्कार केला तेव्हा हात वर न्यायलाही जोर लागला. तिथून पुढे पोटऱ्यांत गोळे यायला लागले. थांबायचं, ताणायचं, चार पावलं पळायचं. मळमळ. पाणी प्यायलो की जास्त मळमळ. वरळी सोडून हाजी अलीकडे येताना तेहतीसचा फलक गेला आणि शंभरेक पावलांवर मी फुटपाथच्या कडेला बसलो. उठलोच नाही. डोळ्यांसमोर पिवळं दिसत होतं. एका कार्यकर्त्या मुलीने मदतकेंद्रावर नेलं, खाटेवर झोपवलं, मिठाचं पाणी दिलं. अर्ध्या तासाने बरं वाटलं. ती म्हणाली, "काका, पुढे जाऊ नका." मी गेलो नाही.

हे मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी थांबलो यात चूक काहीच नव्हती. चूक पुढेच आहे.

चालत महालक्ष्मी स्टेशनला आलो आणि लोकलमध्ये बसलो. छातीवर नंबर तसाच. समोरच्या बाकावरच्या बाई हसून म्हणाल्या, "काँग्रॅच्युलेशन्स!" मी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याहून नाना.

"व्हयनं का रे?"

आमच्या अहिराणीत 'व्हयनं' म्हणजे झालं.

मी म्हणालो, "व्हयनं."

बस. एवढंच. एक शब्द. नंतर कितीतरी वेळा मी स्वतःला समजावलं की हे काही खोटं नव्हतं, 'झालं' म्हणजे संपलं, आणि माझ्यापुरतं ते संपलंच होतं. पण नानांनी काय ऐकलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, कारण पलीकडून त्यांचा आवाज एकदम बदलला. ते शेजारी कुणाला तरी ओरडून सांगत होते, "पोऱ्यानं बेचाळीस किलोमीटर मारं!"

नाना एसटीत कंडक्टर होते. धुळे आगारातून निवृत्त झाले. आयुष्याचा मोठा भाग धुळे-जळगाव मार्गावर गेला. धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. त्यांना कुठलंही अंतर सांगितलं की ते याच रस्त्यावर मोजतात. बेचाळीस म्हणजे धुळ्याहून पारोळा आणि वर आणखी पाच-सहा. देवपुरात त्यांच्या निवृत्त मंडळींचा चहाचा एक कट्टा आहे, तिथे त्यांनी हे पुढचा आठवडाभर सांगितलं. "पोऱ्या पायी पारोळाना पुढे गया. पयत!" जुने ड्रायव्हर लोक मान हलवत म्हणत, "आपली गाडी चढाला दम टाकायची त्या रस्त्यावर."

बायकोला मी त्याच रात्री खरं सांगितलं. ती म्हणाली, "नानांना सांगून टाका, आत्ताच. नंतर अवघड होईल." मी म्हटलं, भेटल्यावर सांगतो. भेटलो ते थेट लग्नात. तिथे शाल. मोठे काका माइकवर म्हणाले, "आपल्या घराण्यातला पहिला!" नानांच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा सांगायचं? कसं सांगणार? मी नारळ घेतला, वाकून नमस्कार केला, फोटोसाठी उभा राहिलो. पदक कुठंय असं दोन भाच्यांनी विचारलं तर "जळगावला राहिलं" म्हणालो. हे दुसरं खोटं. पहिल्यात निदान शब्दाचा आडोसा होता, यात तोही नव्हता.

त्यानंतर चार-पाच महिने मी फारसा पळालो नाही. उन्हाळा हे कारण होतंच. खरं म्हणजे बूट घातले की ती शाल आठवायची.

पावसाळ्यात पुन्हा वाचायला लागलो, नेमकं काय चुकलं ते. उत्तर तसं सोपं होतं. शरीराला उष्ण, दमट हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. नऊ अंशाच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार राहतं. मुंबईत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग तापत जातं आणि हृदयाला दुप्पट काम पडतं. त्यात मी जोरात सुटलो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन बहुतेकांचं तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमाराला संपत येतं. जोरात पळालं की आणखी लवकर. धावणारे त्याला 'वॉल' म्हणतात. शिवाय मी घामातून मीठ घालवत होतो आणि वरून नुसतं पाणी पीत होतो, तेही धोक्याचं असतं. थोडक्यात, अभ्यास शिरसोली रोडचा केला आणि पेपर वरळीचा आला!

त्याच वाचनात एक जुनी हकीकत सापडली. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यातली मुलं अनवाणी धावत होती. ते पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे खेळाडू पाठवायचं ठरलं. मॅरेथॉनसाठी दोघे गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही थोडं जास्त. चौगुले एकोणिसावे आले, दोन तास पन्नास मिनिटांत. ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. दातारांचं नाव फारसं कुणी घेत नाही, कारण त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही. ऑलिम्पिकच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. शंभर वर्षं झाली तरी ते तिथेच आहे. आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटला नाही. उलट वाटलं, हा माणूस बोटीने सातासमुद्रापार जाऊन पळाला, आणि जे झालं तेच लिहिलं गेलं. मग माझ्याच बाबतीत मला एवढं का लपवावंसं वाटतंय?

पण वाटणं वेगळं आणि फोन करणं वेगळं. नाव मात्र पुन्हा नोंदवलं.

२०१९ चा हिवाळा उशिरा आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने झोडपलं, वेचणीला आलेला कापूस झाडावर भिजून गेला. शिरसोली रोडच्या दोन्ही बाजूंना काळी पडलेली बोंडं दिसायची. या वेळी मी तयारी बदलली. मंगळवार-गुरुवारचं धावणं पहाटेऐवजी सकाळी नऊनंतर उन्हात, तेही अंगात एक जादा टी-शर्ट घालून. ओळखीचे लोक स्कूटर थांबवून विचारायचे, "बरं आहे ना सगळं?" रविवारचा लांब पल्ला इतक्या सावकाश की बाजूच्याशी गप्पा मारता याव्यात. खिशात मिठाच्या पुड्या आणि खजूर. २३ नोव्हेंबरला शनिवारी सुट्टी होती म्हणून मी लांब पल्ला एक दिवस आधीच उरकला. सव्वीस किलोमीटर करून मोठ्या अभिमानाने घरी आलो, तर सगळे टीव्हीसमोर. मुंबईत पहाटेचा शपथविधी! पहाटे उठून काही केल्याचं माझं कौतुक त्या दिवशी महाराष्ट्रात कुणालाच उरलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी चार दिवस धुळ्याला गेलो. नाना म्हणाले, "तू पळ, मी पाणी घेऊन मागे येतो." तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर. सकाळी साडेपाचला देवपुरातून निघालो. पांझरेच्या पुलावर असा गारठा की डोळ्यांतून पाणी. मी पुढे, मागून नाना स्कूटीवर, अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर. शहर ओलांडून आग्रा रोडने लळिंगकडे. दर तीन किलोमीटरला ते पुढे जाऊन थांबायचे, बाटली पुढे करायचे, आणि घड्याळ बघून म्हणायचे, "टाइमात आहेस." जणू मी त्यांच्या मार्गावरची गाडीच होतो.

लळिंगला किल्ल्याच्या पायथ्याशी एका टपरीवर चहा घेतला. उजाडत होतं. कुरणावर धुकं. इथून वळून परत जायचं होतं. नानांनी खिशातून रुमाल काढून माझ्या कपाळावरचा घाम पुसला. लहानपणी पुसायचे तसा. आणि मला एकदम सहन होईना.

मी म्हणालो, "नाना, मागच्या वर्षी मी पुरी केली नव्हती."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"तेहतीसला बसलो. पुढे गेलोच नाही. तुम्ही फोन केला तेव्हा लोकलमध्ये होतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एक ट्रक गेला, मग दुसरा. मला वाटलं आता ते त्या कट्ट्याबद्दल बोलतील, शालीबद्दल बोलतील. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते.

"तेहतीस," ते म्हणाले. "पारोळाना अलीकडेच बंद पडना तू."

"हो."

मग ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "गाडी बंद पडस, त्यात कंडक्टरना काय गुन्हा? पॅसेंजर मागली गाडीत बसाडी देवाना. पन गाडी जठे बंद पडस, वेबिलवर तठलंच गाव लिखनं पडस. पुढलं गाव लिखं की तो गुन्हा."

तीस-पस्तीस वर्षं वेबिल लिहिलेला माणूस. त्यांनी मला रागावलं नाही, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. एवढं बोलून त्यांनी चहाचे पैसे दिले आणि स्कूटीला किक मारली. परतीच्या वाटेवर दर तीन किलोमीटरला बाटली पुढे यायची, पण "टाइमात आहेस" आलं ते थेट पांझरेच्या पुलावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला न विचारता ते मला कट्ट्यावर घेऊन गेले. सगळे जमल्यावर म्हणाले, "याला काहीतरी सांगायचंय." मी सांगितलं. तीनच वाक्यं. क्षणभर शांतता. मग एक जुने ड्रायव्हर म्हणाले, "तेहतीस बी कमी नही," आणि दुसरे म्हणाले, "मी तर एकदा गाडी म्हसव्याला बंद पाडली होती, पाऊस असा..." आणि पुढचा अर्धा तास कुठली गाडी कुठे बंद पडली याच गोष्टी. माझा विषय संपलासुद्धा. मी ज्याला अकरा महिने घाबरत होतो ते हे एवढंच होतं.

१९ जानेवारी २०२०. पुन्हा सीएसएमटी, पुन्हा तोच अंधार, तोच चिकट घाम. या वेळी पहिल्या किलोमीटरपासून लोक मला मागे टाकत गेले आणि मी जाऊ दिले. सी लिंकवर फोटो काढायला थांबलो नाही. दर अर्ध्या तासाला चिमूटभर मीठ आणि एक खजूर. वरळीच्या पुढे ती फुटपाथची कड आली. मला ती लगेच ओळखू आली. मी तिथे थांबलो नाही, हातही केला नाही. फक्त मनात म्हटलं, पारोळा आलं. पुढे पेडर रोडचा चढ मी पूर्ण चालत चढलो, अजिबात न लाजता. एका बाल्कनीतून एक आजी स्टीलचं ताट वाजवत होत्या. मरीन ड्राइव्हला ऊन रणरणत होतं आणि शेवटचे चार किलोमीटर मला चाळीस मिनिटं लागली. एकूण वेळ पाच तास चोवीस मिनिटं. शेवटची रेघ ओलांडल्यावर भव्यदिव्य असं काही वाटलं नाही. पाय दुखत होते आणि कुठेतरी सावलीत बसायचं होतं.

पदक गळ्यात पडल्यावर फोन लावला.

"नाना, पोचलो. पूर्ण."

"किती वाजले?"

मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "लिहून ठेव." आणि मग जरा थांबून, "पाणी पी. नुसतं नको, मीठ टाकून."

त्याच दिवशीच्या स्पर्धेत एका ज्येष्ठ धावपटूचा हृदयविकाराने मृत्यू झाला, हे संध्याकाळच्या बातम्यांत कळलं. मी पदक काढून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ आदल्या वर्षीच्या त्या मुलीचा विचार करत राहिलो, जी म्हणाली होती, "काका, पुढे जाऊ नका." माझ्या मनात आजवर तिची जागा नामुष्कीची साक्षीदार म्हणून होती. खरं तर तिचे आभार मानायला हवे होते. आपल्याकडे जिद्दीच्या गोष्टी फार सांगतात, थांबलेल्यांच्या कुणी सांगत नाही. त्यामुळे थांबलेला माणूस एक तर लाजतो नाहीतर खोटं बोलतो. मी दोन्ही केलं.

माझी एक धावण्याची वही आहे, साधी दोनशे पानी. त्यात २०१९ चं ते पान मी कोरं सोडलं होतं. घरी आल्यावर त्यावर लिहिलं: "२० जानेवारी २०१९. ३३ किमी. वरळी, हाजी अलीच्या अलीकडे. बंद पडलो." त्याच्या पुढच्या पानांवर मग बाकीचं.

नाना आता ऐंशीच्या आसपास आहेत. स्कूटी चालवायला आम्ही बंदी घातली आहे, ती ते अधूनमधून मोडतात. यंदाही थंडी चांगली पडली आहे. मेहरूणची बोरं बाजारात आलीत, शिरसोली रोडला पहाटे बांधावर धूर दिसायला लागलाय, आणि मी रविवारी आपला सावकाश अठरा-वीस करून येतो. पूर्ण मॅरेथॉन परत करेन की नाही माहीत नाही. गुडघा कुरकुर करतो.

राहिला प्रश्न शालीचा. मोठ्या काकांना आणि त्या मांडवातल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, ती मला चुकीच्या वर्षी मिळाली. परत हवी असेल तर घडीसकट देतो, जर अजून तशीच आहे. नारळ मात्र परत करता येणार नाही. त्याच्या वड्या त्याच आठवड्यात झाल्या.